पहिलं कासव गेलं, दुसरं आणायच्या आधी काय काय तयारी करावी? (परभणी)

वसमतरोडवाला:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं अडीच वर्षं पाण्यातलं कासव होतं, तेच ते डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं. संभाजीनगरला माशाच्या दुकानातून घेतलेलं, तेव्हा बिस्किटाएवढं होतं. लेकीनं नाव ठेवलं ठमी. दुकानदारानं सोबत एक प्लास्टिकचा डबा दिला ज्यात मधी नारळाचं प्लास्टिकचं झाड असतंय, आणि वाळलेल्या झिंग्यांची डबी दिली, म्हणला एवढं बस झालं, काही लागत नाही. आम्हीबी तेच धरून चाललो. पुढं डबा बदलून फूटभराचा काचेचा टँक केला, खाली रंगीत खडे टाकले, खिडकीत ठेवला म्हणजे ऊन लागंल. दिवाळीनंतर ठमीनं खाणं कमी केलं, डोळे सुजले, उघडंचना, पाठ दाबली की जरा दबायची. इथल्या एका डॉक्टरला दाखवलं तर ते म्हणले कासवाचं आम्ही बघत नाही. जानेवारीत गेली. घरामागं लिंबाखाली पुरली, लेक दोन दिवस नीट जेवली नाही, ९ वर्षांची आहे.

आता मेव्हणा म्हणूलालाय की तेलंगणातून जमिनीवरचं कासव आणून देतो, पाठीवर चांदण्या असलेलं, ३००० ला, पाण्याची कटकटच नाही. लेक तर नाचूलाली. पण मला ह्या वेळी असं अंदाजपंचे नको. आधी सगळी तयारी करून मगच आणायचं. जुना टँक चालंल का, काय काय लागतंय, कुणी पाळलंय का ते सांगा.

जालन्याचा_रानवेडा:
दादा, मेव्हण्याला आजच फोन करून नाही म्हणा. ते चांदणी कासव म्हणजे स्टार टॉरटॉइज, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची १ मधी आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. विकत घेणं, घरात ठेवणं दोन्ही गुन्हा, शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, ७ पर्यंत, दंड वेगळाच. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरबी बंदी आहे. आणि ही पिल्लं रानातून पोत्यात भरून आणतात, पाय बाहेर येऊ नयेत म्हणून चिकटपट्टी लावतात, बरीच वाटेतच मरतात. तुमच्या लेकीला हे सांगा, ती स्वतःच नको म्हणंल.

नदीतलं, विहिरीतलं कासव उचलून आणायचा विचारबी नको, आपल्याकडची देशी कासवं कायद्यात आहेत. कुणाकडं दिसलं तर वनविभागाचा १९२६ नंबर आहे, नाव न सांगता कळवता येतं. अजून एक, कुणी वीस-एकवीस नखांचं कासव, पैशाचा पाऊस वगैरे बोललं तर तिथून पळा, त्यात कासवबी मरतं आणि माणूसबी जेलात जातो.

धनलक्ष्मी_७७:
घरात उत्तरेला पाण्याच्या वाटीत ठेवा, फार लाभ होतो, आमच्याकडं ६ वर्षं झाली.

गोदाकाठ_नांदेड:
ताई तुमचं पितळेचं असंल. ह्यांचं खातंपितं.

वसमतरोडवाला भाऊ, वाईट वाटलं, पण स्पष्ट बोलतो, रागावू नका. ठमी कशानं गेली हे समजल्याशिवाय दुसरं आणू नका, नाहीतर तेच परत होणार. तुम्ही लिहिलंय त्यातच उत्तर आहे. पाठ दबायची म्हणजे हाडं आणि कवच मऊ पडलेलं. कासवाला कवच टणक करायला कॅल्शियम लागतं आणि ते अंगी लागायला उन्हातले यूव्हीबी किरण लागतात. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, गरम लागतं, पण यूव्हीबी काचेतच अडतात. म्हणजे अडीच वर्षं ठमी उन्हात बसून उपाशीच होती म्हणा ना. डोळे सुजणं हे बहुतेक वेळा जीवनसत्त्व अ कमी पडल्यानं होतं, नुसत्या वाळलेल्या झिंग्यांवर ठेवलेल्या बहुतेक पिल्लांचं हेच होतं. आणि दिवाळीनंतर खाणं सोडलं कारण पाणी गार पडलं, आपल्या परभणीला थंडीत रात्री पारा १० च्या खाली जातो, हीटर नसंल तर त्याचं पोट चालतच नाही. मी हे शहाणपण सांगतोय पण माझंबी पहिलं असंच गेलेलं, २०१४ ला, मलाबी दुकानदारानं तेच झाडाचं डबडं दिलं होतं.

वसमतरोडवाला:
वाचून पोटात कालवलं हो. खिडकीत ठेवताना किती बरं वाटायचं. मेव्हण्याला सांगितलं, तो म्हणला तिकडं सगळेच पाळतात, मी म्हणलं पाळू दे. मग आता पाळायचंच नाही का? का परत तेच लाल पट्ट्याचं?

लातूरची_आत्या:
पाळा की, पण हिशोब करून. माझ्याकडं लाल पट्ट्याच्या दोन माद्या आहेत, एक ११ वर्षांची. ती आज जेवणाच्या ताटाएवढी आहे. हे दुकानात कुणी सांगत नाही. मादी १०-१२ इंच होते आणि नीट ठेवली तर २५-३० वर्षं जगते, म्हणजे तुमच्या लेकीचं लग्न होऊन ती जाईल आणि कासव तुमच्यापाशीच राहील, ते बघून ठरवा.

पाण्याचा हिशोब असा धरतात की पाठीच्या दर इंचाला ४० लिटर. १० इंची मादीला ४०० लिटर. आता आपल्या मराठवाड्यात हे बोलायलाबी जीभ अडखळते. २०१६ ला मिरजेवरून रेल्वेनं पाणी यायलं होतं ना लातूरला, तेव्हा मी कासवाचं पाणी बदलायची चोरी केल्यासारखं, रात्री. सासूबाई बोलल्या नाहीत पण बघायच्या. तेव्हापासून मोठा फिल्टर घेतला आणि काढलेलं पाणी सगळं जास्वंदीला आणि पपईला, झाडं अशी माजली की विचारू नका.

काचेच्या टँकच्या मागं लागूच नका. अंगण किंवा गच्ची असंल तर सिमेंटचा हौद बांधा नाहीतर जनावराच्या पाण्याची मोठी टाकी घ्या, एका बाजूला चढून बसायला उतार आणि कोरडी जागा. ऊन फुकट मिळतं, यूव्हीबीच्या ट्यूबचा खर्च वाचतो. पण अर्ध्यावर सावली पाहिजेच, हिरवी जाळी पुरत नाही मे महिन्यात, मी वरून ओलं पोतं टाकते. ४३ डिग्रीला उथळ टबातलं कासव शिजतं हो, मी शेजारच्यांचं बघितलंय. आणि वरून तारेची जाळी, मांजर, मुंगूस, घार, आमच्याकडं तर वानरंबी येतात.

गोदाकाठ_नांदेड:
आत्यांनी बरोबर सांगितलं. घरातच ठेवणार असाल तर मात्र दोन दिवे वेगवेगळे लागतात, एक उष्णतेचा, साधा हॅलोजन चालतो, खाली बसायच्या जागेवर ३२-३३ डिग्री आली पाहिजे, आणि दुसरी यूव्हीबीची ट्यूब, मधी काच नको. ती ट्यूब जळत राहते पण किरण संपतात, वर्षाला बदलायची, हे लोक विसरतात. पाणी २५-२६, हीटरला जाळीचं कव्हर घाला नाहीतर कासव धडकून फोडतं.

खाणं: पिल्लू असताना चांगली पेलेट म्हणजे कासवाच्या तयार खाण्याच्या गोळ्या, गांडूळ, कधी छोटा मासा, मोठं झालं की अर्ध्याच्या वर पाला. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, किसलेलं गाजर. पालक रोज नको, त्यानं कॅल्शियम अडतं. पोळी, भात, दूध काहीच नाही. आणि काष्टौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो ना, तो टाका पाण्यात, कुरतडत बसतं, कॅल्शियमला त्याच्यासारखं स्वस्त काही नाही.

जुना टँक पिल्लाला थोडे दिवस चालंल. पण खडे आणि ते झाड फेकून द्या, बारीक खडे गिळतात आणि पोटात अडकतात. टँक ब्लीचच्या पातळ पाण्यानं धुवा, चांगला खळखळून काढा, दोन दिवस उन्हात ठेवा. मग एक महिना कासवाशिवाय चालवा. हसू नका. हीटर, फिल्टर, दिवे लावायचे आणि लेकीला रोज सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहायला लावायचं. लाईट गेल्यावर पाणी किती वेळात गार होतं तेबी कळतं. आणि ते भांडं कधी स्वयंपाकघरातल्या बेसिनमधी धुवायचं नाही, कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात, पोरीनं कासवाला हात लावला की साबण. अमेरिकेत ह्याच कारणानं १९७५ पासून ४ इंचाच्या आतली कासवं विकायला बंदी आहे.

जालन्याचा_रानवेडा:
एक राहिलं. दुकानातून विकत घेऊच नका. हे लाल पट्ट्याचं कासव आपल्या देशातलं नाही, स्टारसारखी त्याच्यावर बंदी नाही, पण बरीच पिल्लं चोरून आणलेली असतात आणि मोठी झाली की लोक ती तळ्यात, गोदावरीत सोडून देतात, पुण्य म्हणून. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० घुसखोर जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे, देशी कासवांचं खाणं-जागा सगळं बळकावतं. म्हणून कुणाला नको झालेलं घ्या, सोडायच्या आधीचं. आणि कुणी सुलकाटा, म्हणजे आफ्रिकेतलं जमिनीवरचं मोठं कासव, देतो म्हणलं तर ते ४०-५० किलोच्या वर जातं, शिवाय सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, त्या भानगडीत पडू नका.

डॉक्टरचं म्हणाल तर तुमच्या गावातच पशुवैद्यकीय कॉलेज आहे की, उदगीरलाबी आहे. कासव यायच्या आधी जाऊन विचारून ठेवा कोण बघतं. आजारी पडल्यावर शोधायला वेळ नसतो.

वसमतरोडवाला:
अपडेट देतो. कॉलेजला जाऊन आलो, विचारून ठेवलं. हौद मागं लिंबाजवळच बांधणार होतो, पण लेक म्हणली ठमीच्या अंगावर नको, म्हणून भिंतीकडं घेतला, तिथं सकाळचं ऊन ११ पर्यंत येतं. हिंगोलीत एकाकडं ५ इंचाचं आहे, बदली झाली म्हणून देऊन टाकायचंय, तो म्हणला महिनाभर ठेवतो. हौद भरून ४ दिवस झाले. वही चालू आहे, पण सकाळी २१ आणि दुपारी ३४ येऊलाले, एवढा फरक कसा? थर्मामीटर पाण्यात तळाला बुडवायचा असतो का काठाला लटकवायचा?

लातूरची_आत्या:
तळाला बुडवा. लेक काठाला धरून बघत असंल, तिला हाताचं तापमान येतंय.