मदत हवी आहे: वजनाच्या ऑपरेशननंतर नवरा खचलाय, काय करू?

मीनल_सातारा: प्लीज लवकर सांगा. ऑपरेशन झालं, वजन छान उतरतंय, डॉक्टर खूश, पण नवरा घरात असून नसल्यासारखा. पानं घेतली की उठून गॅलरीत जातो. काल लेकीच्या वाढदिवसाला श्रीखंडाची वाटी नाकाशी धरली, वास घेतला, परत ठेवली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसला. खंबीर हो खंबीर हो सांगून माझी जीभ झिजली.

रानवारा: कुठलं ऑपरेशन, स्लीव्ह (जठर कापून लहान करतात ते) की पोटाचं बायपास (जठर लहान करून आतड्याचा काही भाग वगळतात ते)? किती दिवस झाले? आधीपासून डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या का? बायपासनंतर काही गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत म्हणून विचारते.

मीनल_सातारा: स्लीव्ह. दहा आठवडे झाले. गोळ्या वगैरे काही नव्हत्या.

अण्णा_कोल्हापूर: वहिनी, ऑपरेशनची गरजच नव्हती. मी दोनच वेळा जेवून आणि पहाटे रंकाळ्याला फेरी मारून १८ किलो उतरवले. निश्चय पाहिजे.

रानवारा: अण्णा, ऑपरेशन होऊन गेलंय, आता हे कशाला? जठराचा पाऊण भाग काढलेला असतो, भूक लावणारं घ्रेलिन कमी होतं. निश्चयाचा प्रश्न नाही हा.

अण्णा_कोल्हापूर: निश्चयाला कमी लेखू नका एवढंच म्हणणं.

स्लीव्हवाला_ठाणे: माझी २०१९ ला झाली. वहिनी, हात जोडून सांगतो, खंबीर हो म्हणू नका. ऑफिसात बोलणी खाल्ली की मी स्टेशनबाहेर उभ्याउभ्या दोन वडापाव खायचो तेव्हा कुठे घरी जायची हिंमत व्हायची, तो आधार एका दिवसात गेला आणि त्याच्या जागी काहीच नव्हतं. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, आरशात बघवेना. बायको माझ्याशेजारी बसून तेवढीच एक वाटी डाळ वीस मिनिटं पुरवून खायची, गप्पा मारायची, त्याने सावरलो. आणि ऑपरेशन झालेल्यांच्या ग्रुपने. दारूकडे मात्र लक्ष ठेवा, आता लवकर चढते आणि खाण्याची जागा तीच घेते.

विमा_मित्र: क्लेम केला का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर असेल, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेली शुगर वगैरे, तर...

मीनल_सातारा: विम्याचं विचारलेलं नाही हो!! पैसे भरून झालेत.

रानवारा: ताई, उलट्या होतात का?

मीनल_सातारा: हो, तीन आठवडे रोज होतायत, सुरुवातीला होतातच ना? व्हिटॅमिनच्या गोळ्यापण पोटात राहत नाहीत. पायाला मुंग्या येतात म्हणतो.

रानवारा: अहो हे आधी सांगायचं! मी सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे. रोज उलट्या असतील तर व्हिटॅमिन बी१ झपाट्याने कमी पडतं, मुंग्या त्याच्याच असू शकतात, माणूस चिडचिडा, उदासही होतो, पुढे तोल जातो, काही आठवत नाही. आत्ता सर्जनना फोन करा आणि कॅज्युअल्टीत न्या. ग्लुकोजची सलाईन लावायच्या आधी बी१ द्यायचं का, हे विचारा. मन खचलंय तेही खरंच आहे, त्यासाठी समुपदेशक लागेलच. जीव नकोसा झाला असं बोलला तर १४४१६ टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलतात.

अण्णा_कोल्हापूर: वहिनी, सिस्टर म्हणतात ते ऐका. गाडी हवी असेल तर साताऱ्यात माझा भाचा आहे, मेसेज करा.

मीनल_सातारा: रिक्षात बसलोय. सर्जन म्हणाले लगेच आणा. मी त्याला गॅलरीत का जातोस म्हणून रोज ओरडत होते. ठाणेकर, तुमच्या त्या ग्रुपचं कळवून ठेवा, रात्री बघते.