जर्सीहून लिबर्टीचा पुतळा आणि एलिस आयलंड: सासूबाईंना झेपेल का?

साखरपेठ_सोलापूर:
नमस्कार. लेक जर्सी सिटीत असते. सप्टेंबरात आम्ही दोघं नि सासूबाई (वय ७४, गुडघे कामातून गेलेले) जातोय. जावईबापू म्हणतात मुकुटापर्यंत चढू या. सासूबाई म्हणतात, बोटीतून लांबनं दाखवा, बास. शेजारच्या एलिस आयलंडवर, जिथं अमेरिकेत राहायला येणाऱ्यांची पूर्वी तपासणी व्हायची, तिथल्या संग्रहालयाचं तर कुणी नावच काढत नाही. जाऊन आलेल्यांनी सांगा, बेटावर उतरावं की न्यूयॉर्कची फुकटची स्टेटन आयलंड फेरी (प्रवासी बोट) पुरे?

पूर्वभागकर:
ताई, ती फेरी पुतळ्यासमोरून निघून जाते, थांबत नाही. फोटो मिळेल, पण एलिस आयलंड हुकेल. आणि मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त वेळ तिथंच द्या.

मुकुटाचं म्हणाल तर चौथऱ्यापर्यंत लिफ्ट आहे, पुढं १६२ अरुंद पायऱ्या चढूनच जावं लागतं. वर खिडक्या इवल्याशा. मशालीत तर १९१६ पासून कुणालाच सोडत नाहीत. जावईबापूंना हौस असेल तर जाऊ द्या की. आतला सांगाडा बघण्यासारखा आहे, पॅरिसच्या टॉवरवाल्या आयफेलनंच केलाय. ४६ मीटरची बाई, पण अंगावर तांब्याचा पत्रा अवघा २.४ मिलिमीटर! सासूबाईंना तोवर बेटावरच्याच छोट्या संग्रहालयात बसवा. १८८६ ची मूळ मशाल तिथं समोर ठेवलीय, जिना चढायची गरज नाही.

एलिस आयलंडला १८९२ ते १९५४ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास माणसं उतरली. एकट्या १९०७ सालात दहा लाखांवर, म्हणजे आपलं अख्खं सोलापूर. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी जहाजावरच व्हायची, इथल्या रांगा तळातल्या स्वस्त तिकिटवाल्यांच्या. लोक बोचकी घेऊन जिना चढायचे तेव्हा डॉक्टर नुसते बघत उभे असायचे. कोण धापा टाकतो, कोण लंगडतो. शंका आली की कोटावर खडूनं अक्षर: हृदयाला एच, डोळ्याला ई, लंगडणाऱ्याला एल. खुपऱ्या (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) बघायला पापणी उलटी करायचे, तीही बुटाची बटणं लावायच्या आकड्यानं. सासूबाईंना सांगा, तुमच्या कोटावर एल पडला असता.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तिसऱ्या मजल्यावर. लोकांनी घरून आणलेल्या वस्तू तिथं काचेत मांडल्यात. आमचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले, त्यांची पत्र्याची पेटी अजून आमच्या माळ्यावर आहे. त्यामुळं काचेतलं भरतकाम बघताना मी आधी मागची बाजू दिसते का ते वाकून बघत होतो. विणकराच्या घरची खोड, दुसरं काय! बायको पुढं निघून गेली तरी मी तिथंच.

कंबरतलाव:
दादांनी मस्त लिहिलंय. एक भर घालतो. ‘एलिस आयलंडच्या साहेबांनी नावं बदलली’ असं जो तो सांगतो, ते खरं नाही. जहाजावरच्या यादीत जे नाव असेल तेच तपासनीस पडताळायचे. आणि आपल्या लोकांची नावं तिथं शोधायला बसू नका, फार सापडणार नाहीत. १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दारच बंद केलं होतं. खऱ्या अर्थानं ते उघडलं १९६५ च्या कायद्यानंतर. तुमच्या जावयांसारख्यांची गोष्ट तिथून सुरू होते.

गड्डा_जत्रा:
कामाचं सांगते. जर्सीतच आहात तर मॅनहॅटनला जाऊच नका. लिबर्टी स्टेट पार्कातून बोट घ्या, ती आधी एलिसलाच थांबते. धक्क्याजवळचं जुनं रेल्वे स्टेशनही बघा, एलिसवरून सुटलेले कित्येक जण तिथूनच पुढची गाडी पकडायचे. तिकीट अधिकृत कंपनीच्या साइटवरूनच काढा, रस्त्यावर अंगावर येणाऱ्यांकडून नको. मुकुटाचं वेगळं असतं, लवकर संपतं. विमानतळासारखी झडती होते, म्हणून पहिली बोट गाठा. परतताना बोट न्यू जर्सीची आहे ना, विचारून चढा. दोन्हीकडच्या बोटी तिथंच लागतात.

साखरपेठ_सोलापूर:
पहिली बोट पक्की. मुकुट एकट्या जावयांना. आता सासूबाईंचा एकच प्रश्न, कडक भाकरी नि शेंगाचटणी नेता येते का ओ?

गड्डा_जत्रा:
न्या की काकू. बाहेर बाकावर बसून खा, पुतळ्याच्या आत तेवढं खायला-प्यायला चालत नाही. मोठी बॅग मात्र घेऊ नका, आणि चटणीचा डबा घट्ट लावा. बोटीवर वारं लई असतं.