अंबाळा की अंभोरा? चूक सांगणाऱ्याची की ऐकणाऱ्याची?

धरमपेठची धाकटी

घरात वाद मिटत नाहीये, म्हणून इथे आणलाय. निकाल द्या, पण आधी पूर्ण वाचा.

जानेवारीतला रविवार, तेरा माणसं, दोन गाड्या, बेत रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, मानेवाड्याला राहतात. जाऊबाईंनी रोडग्यांचं जाडसर पीठ, भरताची वांगी, तुरीच्या शेंगा, तूप, गोवऱ्या, सगळं त्यांच्या गाडीत भरलं. आमच्या गाडीत ताटं, सतरंज्या, पाण्याची कॅन, पत्त्यांचा कॅट आणि माचिस. ठिकाण सासूबाईंनी शुक्रवारी रात्री भासऱ्यांना फोनवर सांगितलं, त्यांच्याकडे तेव्हा मिक्सर चालू होता. सासूबाई म्हणाल्या अंबाळा. भासऱ्यांनी ऐकलं अंभोरा.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते. अंबाळा म्हणजे रामटेकचं तळं, ५० किलोमीटर, जबलपूर रोडने जाऊन मनसरला वळायचं. अंभोरा कुहीकडे, वैनगंगेच्या काठी, ७०च्या वर किलोमीटर. दिशाच वेगळ्या.

वाटेत फोन झाला नाही असं नाही. हा संवाद शब्दशः आहे, मी मागच्या सीटवर होते:

"पूल लागला का?"
"हाव, लागला. मोठा आहे."
"मंग आलेच तुम्ही. डोंगरावर देऊळ दिसून राहिलं का?"
"दिसून राहिलं ना."
"बस, पाण्याजवळ थांबा."

आमचा पूल कन्हानचा आणि देऊळ गडावरचं, ते मनसरच्या पुढे आल्यावर दिसत होतं. त्यांचा पूल वैनगंगेवरचा तो तारांचा, नागपूर आणि भंडारा जोडणारा, आणि देऊळ चैतन्येश्वराचं. पाणी दोन्हीकडे.

अंबाळ्याच्या घाटावर आम्ही सहा जण हातात स्टीलची ताटं घेऊन उभे. तिथे पिंडदान चालतं हे डोक्यातच नव्हतं. एक गुरुजी जवळ आले, हळूच विचारलं, "किती जणांचं आहे?" आत्याबाई म्हणाल्या, "तेरा." गुरुजी थबकले. "एकाच वेळी?" "हाव, आम्ही सोबतच बसतो." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज अजून खाली आणून विचारलं, "अपघात का?"

तेवढ्यात भासऱ्यांचा फोन. "घाटावर या." "घाटावरच आहे." "दिसून नाही राहिले, हात हलवा." सहाच्या सहा जणांनी हात हलवले. पलीकडच्या काठावरून एका अनोळखी माणसाने परत हलवला.

माझं मत: चूक दोघांचीही नाही, चूक आमच्या घराच्या सवयीची आहे. ग्रुपवर त्या सहलीचे ४६ मेसेज आहेत. वांगी काटेरी घ्यायची की बिनकाट्यांची यावरच अकरा. ठिकाणाच्या जागी सगळीकडे एकच वाक्य, "आईने सांगितलं तिथे, दहा वाजता." 'नक्की कुठे?' असं कोणी विचारलं नाही, कारण आईने सांगितल्यावर परत विचारणं म्हणजे उलटून बोलणं. बोला.

इतवारीवाला

काही सवय बिवय नाही. सरळ ऐकणाऱ्याची चूक. नागपुरात जन्म गेला आणि अंबाळा, अंभोरा समजत नसेल तर मिक्सर बंद करावा माणसाने. एक मिनिट चटणी थांबली असती.

कुहीकर

असहमत. रामटेकला जायचं तर तोंडाने रामटेक म्हणा ना! 'अंबाळा' फक्त जुनी माणसं म्हणतात. आता सहल म्हटलं की लोकांना आधी आमचा पूल आठवतो. वर गॅलरी आहे, तिथून संगम दिसतो. तुमच्या भासऱ्यांनी ऐकलं तेच शहाण्या माणसाने ऐकलं असतं. बाय द वे, सहल त्यांची झाली, तुमची नाही झाली. यावरूनच समजा.

धरमपेठची धाकटी

@कुहीकर, हे मात्र बरोबर पकडलं. पूल पाहायचा म्हणून ते दिवाळीपासून मागे लागले होते. माणसाला जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं, असं जाऊबाई तेव्हापासून रोज म्हणून राहिल्या.

जुनी पोथी

ताई, मनाला लावून घेऊ नका, या 'अंबा'ने भल्याभल्यांना फिरवलंय. मुकुंदराजांचा विवेकसिंधू शके १११०चा, म्हणजे इसवी सन ११८८चा मानतात. तो ज्या अंबानगरात लिहिला ते आमचं अंभोरं की मराठवाड्यातलं अंबेजोगाई, यावर अभ्यासक भांडत आले आहेत. बरं, रामटेकला गेलात तर तिथेही तेच. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक असं वा. वि. मिराशींनी मांडलं, तर दुसरे लोक छत्तीसगडातला रामगड दाखवतात. म्हणजे तुमच्या दोन्ही गाड्या वादग्रस्त जागीच पोचल्या होत्या.

इतवारीवाला

मुकुंदराजांच्या गाडीत वांगी नव्हती हो. अभ्यासक भांडतात ते जेवून भांडतात. इथे सहा माणसं रिकामी ताटं घेऊन उभी होती.

मोठी जाऊ (दुसऱ्या घरची)

मला यात वेगळाच दोष दिसतो. ठिकाण चुकलं ते चुकलं, पण एका गाडीत सगळं पीठ आणि दुसऱ्या गाडीत सगळी ताटं, ही वाटणी कोणी केली? पंचवीस वर्षं तीन दिरांच्या घराची सहल नेऊन राहिली मी. प्रत्येक गाडीत थोडं तरी शिजलेलं लागतं. पुऱ्या, तिखट-मिठाच्या. लोणचं. पोट्ट्यांना मुरमुऱ्याचा चिवडा. आणि माचिस दोन, एक गाडीत, एक माझ्या पर्समध्ये.

धाकटीला राग येईल, पण "आईने सांगितलं तिथे" हा मेसेज वाचून तिने स्वतः तरी विचारलं का? सवयीवर बोट ठेवायचं आणि स्वतः मागच्या सीटवर बसून संवाद ऐकायचा! 'कोणता पूल?' हे दोन शब्द होते.

धरमपेठची धाकटी

राग नाही आला, पण लागलं. विचारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "झालं बाप्पा, पोचलेच ते." मग मिटलं.

आणि माचिसचं ऐका. अंभोऱ्याला गोवऱ्या रचून झाल्या, वांगी पुसून झाली, माचिस आमच्याकडे. भासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. घरात पेढे वाटले होते त्याचे. सासरे म्हणाले आता कोणाकडे तरी माचिस मागा. भासऱ्यांनी, सवयीने, खिशात हात घातला आणि लायटर काढून गोवरी पेटवली. पेटवल्यावर लक्षात आलं. जाऊबाई म्हणतात, वांगं भाजेपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

कुहीकर

😂😂 म्हणजे अंबाळ्याला गेले असते तर वाचले असते. आपली माघार. चूक ऐकणाऱ्याचीच.

सध्या पुण्यात

प्रश्नच चुकीचा आहे. तेरा जणांची सहल काढायचीच कशाला? दोघं-चौघं जा, नकाशा लावा, चांगल्या हॉटेलात जेवा, चारला घरी. शेणाच्या गोवऱ्या डिकीत घालून सत्तर किलोमीटर नेणं ही सहल आहे की स्थलांतर?

इतवारीवाला

हे सासरवाडीला येऊन "सांबार आणा" म्हटल्यावर डब्यात इडलीचं सांबार घेऊन आलेले वाटतात. भाऊ, इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आणि रोडगे चौघांचे होत नाहीत. तेवढी गोवरी नीट पेटतही नाही.

सध्या पुण्यात

मूळचा प्रतापनगरचा आहे, म्हणूनच बोलतोय. अशा अठरा सहली भोगल्यात. वडील आणि काका एकदा चावी कोणाकडे यावरून तोतलाडोहला दीड तास बोलले नव्हते. चावी गाडीलाच होती.

तळ्याकाठचा

सगळे हसून राहिले, म्हणून कडू बोलतो. माचिस त्यांच्याजवळ नव्हती ते चांगलंच होतं. दर हिवाळ्यात सोमवारी सकाळी कुठल्याही घाटावर जाऊन बघा. काळे पडलेले दगड, अर्धी जळकी गोवरी, द्रोण, पाण्यात तेलाचा तवंग. रामटेकला तर वर माकडं आहेत, उरलेलं अन्न टाकून आपणच त्यांना पिशव्या ओढायला शिकवलं. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते. लोक तिथे माणसांचं शेवटचं करायला येतात आणि बाजूला आपण वांगी भाजतो. ठिकाण कोणतं ऐकलं यापेक्षा तिथे चूल मांडायची की नाही, यावर वाद घाला.

मोठी जाऊ (दुसऱ्या घरची)

घाटावर चूल नको, हे पटलं. पण मग ओळखीच्या वावरात मांडा, धुऱ्यापासून लांब, बाजूला पाण्याची बादली. राख खत म्हणून वावरातच जाते. रोडगेच बंद करा म्हणाल तर नाही ऐकणार. आर पडल्यावर त्यात भाजलेला रोडगा फडक्याने झटकून तुपात चुरायचा, ते गॅसवर होत नाही. ओव्हनमध्ये करून पाहिले सुनेने. बिस्किटं झाली.

तळ्याकाठचा

वावर चालेल. बोलवा.

धरमपेठची धाकटी

@तळ्याकाठचा, खरं सांगू, त्या गुरुजींचा चेहरा आठवला की मलाही अवघडल्यासारखं होतं. अपघात नाही, सहल आहे हे कळल्यावर ते हसले नाहीत, "बरं आहे मग" म्हणाले आणि दुसऱ्या कुटुंबाकडे गेले. त्यांच्याजवळ खरंच कलश होता. आम्ही ताटं पिशवीत घातली, गावात येऊन आलूबोंडा-तर्री खाल्ली. कागदाच्या प्लेटमध्ये. स्टीलची तेरा ताटं बरोबर असताना. रात्री अंभोऱ्याचे उरलेले रोडगे घरी आले, थंड, गोफणीत घालावेत असे. सासूबाईंनी एक फोडायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "मी अंबाळाच म्हटलं होतं."

घरची ताजी स्थिती: पुढच्या रविवारी परत बेत आहे, यावेळी एका ओळखीच्यांच्या वावरात. इथले तुमचे प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवले, त्याने भावाला सांगितलं, की दादा, यावेळी तोंडी नको, ग्रुपवर लोकेशन टाक. भासऱ्यांनी आत्ता टाकलं. खाली लिहिलंय, "सगळ्यांनी इथेच यायचं, दहा वाजता, प्रश्न नको." तेरा जणांनी अंगठे दिलेत.

मी उघडून पाहिलं. मानेवाड्याचं त्यांचंच घर आहे.

इतवारीवाला

मग? विचारलं का यावेळी?

धरमपेठची धाकटी

टाइप करून राहिले.