बीईचा प्रोजेक्ट: तयार घ्यावा की स्वतः बनवावा? (मेकॅनिकल)

सिन्नरचा_मेक:
नमस्कार. शेवटच्या वर्षाला आहे, आम्ही चौघं. कांदा प्रतवारी यंत्र हा विषय मंजूर झालाय. घरी दोन कांदाचाळी भरून कांदा असतो, गोल्टी (बारीक कांदा) वेगळी काढायला आई-आजी दिवसदिवस बसून असतात, म्हणून मीच सुचवला. आता शहरातलं एक दुकान तयार मॉडेल देतं, रिपोर्टसकट. दोघं म्हणतात, प्लेसमेंटचा अभ्यास आहे, घेऊन टाकू. मला बनवायचंय, पण फर्स्ट इयरच्या फिटिंगच्या जॉबनंतर कानस हातात धरलेली नाही. चौघांचे मिळून १२,००० रुपये आहेत. जमेल का?

लेथवाली:
जमेल. आम्हीही कांद्याचंच यंत्र केलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं पहिलं सेमिस्टर कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढण्यात गेलं. तिथे कांदा म्हणजे ५० मिमीचा गोळा. डिसेंबरात बाजार समितीतून एक गोणी आणली आणि व्हर्नियर घेऊन २०० कांदे मोजले. गोळा एकही नव्हता. कुणी चपटा, कुणी मानेकडे लांबट, एकाच कांद्याची दोन मापं ८-१० मिमीने वेगळी. मग दोन पट्ट्यांमधल्या फटीतून तो कुठल्या अंगाने पडणार? आमच्या पट्ट्या स्थिर होत्या. त्या दुपारी त्या काढून फिरते रोलर घ्यायचं ठरलं, म्हणजे कांदा लोळत पुढे जाईल आणि आपली सगळी अंगं फटीला दाखवेल. हे डिझाइन आम्हाला पुस्तकात नाही, गोणीत सापडलं.

दुसरं, बेअरिंग. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचं भोक २५ मिमी. ड्रॉइंगवर आम्ही शाफ्टला नुसतं '२५' लिहिलं, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) दिलाच नाही. शाफ्ट मी स्वतः लेथवर टर्न केला, तो २५.०८ भरला. जाईना, तर हातोडीने बसवला, तेही बाहेरच्या रिंगवर ठोकून. तो मार थेट आतल्या गोळ्यांवर बसतो. फिरवून पाहिलं तर खरखर. अशी दोन बेअरिंग गेली. एच-६, के-६ अशा शाफ्टच्या टॉलरन्सचे तक्ते मला पाठ होते, परीक्षेत मार्कही होते. तो तक्ता कशासाठी असतो ते त्या खरखरीतून कळलं. आज टूल रूममध्ये आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत वीस मिनिटं याच शाफ्टवर बोलणं झालं होतं. तुझ्या दोन मित्रांना हे जरूर सांग.

अंबड_फॅब:
पोरांनो, पैसे पुरतील. अर्धा एचपीची सिंगल फेज मोटर भंगारात बघा, १४४० आरपीएमची. २०:१चा, म्हणजे वेग वीसपट कमी करणारा वर्म गिअरबॉक्स मिळाला तर मिनिटाला ७२ फेरे मिळतात. रोलरला शेतीचा ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो.

फ्रेम अँगलची करा, पण सरळ वेल्डिंगला बसू नका. आधी टॅक मारा, म्हणजे कोपऱ्यांना नुसते वेल्डचे ठिपके द्या, आणि दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तरच पूर्ण वेल्ड, आणि तेही समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आलटून पालटून. एकाच बाजूने मारत गेलात तर उष्णतेने फ्रेम ओढली जाते, मग बेअरिंग एका रेषेत येणं विसरा.

माझ्याकडे दरवर्षी मुलं येतात, ड्रॉइंग देतात आणि 'शुक्रवारी येतो' म्हणून जातात. मी त्यांना थांबवून घेतो. गॉगल लाव, बाह्या वर कर, उभा राहा इथे. एक तरी पार्ट स्वतःच्या हाताने काढूनच जा.

सिन्नरचा_मेक:
ताई, दादा, खूप आभार. दोघांना वाचून दाखवलं. एक तयार झाला, दुसरा विचार करतोय. आईने मात्र वेगळंच विचारलं: 'यंत्रातून काढल्यावर वरचं सालपट राहील का? नाहीतर चाळीत टिकायचा नाही.' याचं काय करायचं?

लेथवाली:
आईंनी नेमकं विचारलं. हा प्रश्न आम्हाला एक्स्टर्नलनेही (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) विचारला नव्हता, आणि आमची चूक तिथेच होती. कांदा रोलरवरून पत्र्यावर पडायचा, साधारण फूटभर उंचीवरून. मुका मार वरून दिसत नाही, महिन्याने सडतो तेव्हा दिसतो. उतार कमी ठेव, खाली गोणपाट ताणून बांध. आणि चाचणी अशी कर: ५० कांदे यंत्रातून काढलेले, ५० आईंनी हाताने निवडलेले, चाळीत शेजारी-शेजारी ठेव आणि दर आठवड्याला किती सडले ते मोज. त्यासाठी यंत्र जानेवारीपर्यंत फिरायला हवं, कसंही का असेना.

सिन्नरचा_मेक:
जानेवारी लिहून घेतलं. रविवारी एक गोणी खाली उतरवतोय. व्हर्नियर कॉलेजातून आणलाय. मोजायला आजी बसणार आहे सोबत, ती म्हणते गोल्टी मला हातानेच कळते. आधी तिने निवडलेलीच मोजतो.