पुण्यातल्या फ्लॅटसाठी लहान कुत्रा: पग, शिट्झू नको, स्पिट्झ घ्या

पाऊसवेडी
माझी नणंद कर्वेनगरला राहते. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा-बायको नोकरीला, मुलगी 9 वर्षांची, दिवसभर घरात फक्त सासूबाई, वय 72. गेलं वर्षभर मुलीने कुत्र्याचा हट्ट धरलाय आणि आता सगळे तयार झालेत. यादीत चार नावं आहेत: पग, शिट्झू, पॉम (म्हणजे आपल्याकडे बहुतेकदा स्पिट्झच) आणि डॅशहंड. परवा जेवताना यावरून आमच्यात चांगलीच वादावादी झाली, म्हणून माझं मत इथे सविस्तर मांडते.

पग घेऊ नका. शिट्झूही नको. स्पिट्झ घ्या.

हे मी पगवरच्या रागाने म्हणत नाही. आमच्याकडे 9 वर्षं पग होता आणि त्याच्याइतका माणसाळलेला जीव मी दुसरा पाहिला नाही. पण एका एप्रिलमध्ये संध्याकाळी साडेपाचला त्याला खाली नेलं. ऊन उतरलंय असं मला वाटलं होतं, रस्ता मात्र तापलेलाच होता. दहा मिनिटांत तो बसला. श्वासाचा घर्रघर्र आवाज, जीभ जांभळट. त्याला उचलून रिक्षात घातलं, ओढणी ओली करून पोटाखाली धरली आणि दवाखाना गाठला. वाचला. नंतर डॉक्टरांनी कवटीचं चित्र काढून दाखवलं. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नाक आखूड करत नेलं, पण आतला मऊ टाळू तेवढाच राहिला. नाकपुड्या चिंचोळ्या, घशात जागा नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. ज्याला नीट धापाच टाकता येत नाहीत, त्याने पुण्याच्या 40 अंशांत काय करायचं? आणि त्याच्या ज्या घोरण्याचं आम्ही वर्षानुवर्षं कौतुक केलं, ते घोरणं म्हणजे त्याची हवेसाठी चाललेली ओढाताण होती. हे कळल्यापासून मला आजही वाईट वाटतं.

2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग दिसला आणि घरोघर पग आले. तिकडे नेदरलँड्समध्ये 2019 पासून ठरावीक प्रमाणापेक्षा आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर बंदी आहे. आपणही विकत घेण्याआधी थोडं थांबायला हवं.

टेकडीकर
पूर्ण असहमत. माझा पग 12 वर्षांचा आहे. वजन साडेसात किलोच्या वर कधी जाऊ दिलं नाही, अर्धा त्रास तिथेच टळतो. आपल्याकडे पगला दूध-पोळी, तूप-भात, वर बिस्किटं असा मारा होतो आणि मग दम लागला की दोष जातीला. उन्हाळ्यात आम्ही सकाळी सहाला आणि रात्री साडेआठनंतरच बाहेर काढतो. दुपारी कूलर आणि फरशी. गळ्यात पट्टा नाही, छातीचा हार्नेस.

घरात 72 वर्षांच्या आजी आहेत हा मुद्दा तुम्ही फार चटकन सोडलात. त्यांच्या पायाशी दिवसभर शांत पडून राहणारा, मुलीने मिठ्या मारल्या तरी न गुरगुरणारा कुत्रा हवा. स्पिट्झ तसा नाही. तो एका माणसाचा होतो आणि बाकीच्यांवर भुंकतो.

शेजारधर्म
टेकडीकरांना अनुमोदन. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये स्पिट्झ आहे. दूधवाला, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, जिन्यात चप्पल वाजली तरी भुंकणं. माझी आई आजारी होती तेव्हा दुपारची झोप तिला मिळत नव्हती. मालकांशी बोललो, त्यांनी मनावर घेतलं, पण कुत्रा दिवसाचे नऊ तास एकटा असेल तर तो भुंकणारच. सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही हे मला माहीत आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट लिहिलंय आणि ते योग्यच आहे. पण म्हणून शेजाऱ्याला कान नसतात असं होत नाही.

कात्रीवाली
सिंहगड रोडला माझं ग्रूमिंगचं काम आहे, रोज पाच-सहा लहान कुत्री हाताखालून जातात. आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे लोक ज्याला पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. खरा पॉमेरेनियन म्हणजे दीड ते तीन किलोचा जीव. सोफ्यावरून उडी मारली तर पाय मोडेल इतका नाजूक. स्पिट्झ पाच-सात किलोचा, काटक. विकणारे एकाच्या नावाने दुसरा विकतात आणि पैसे भलतेच घेतात, तेव्हा नणंदेला सांगा, नीट बघून घ्या.

शिट्झूबद्दल माझं मत पाऊसवेडींपेक्षा वेगळं आहे. नाक आखूड आहे हे खरं, डोळे बाहेर आलेले असल्यामुळे ओरखडाही पटकन जातो. पण स्वभावाने सोन्यासारखा आणि भुंकणं कमी. अडचण केसांची आहे. ते माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. पावसाळ्यात खाली फिरवून आणलं आणि पोट, काखा, बोटांमधली जागा कोरडी केली नाही की आठवड्यात गाठी होतात आणि खाली त्वचा लाल. माझ्याकडे अशी कुत्री येतात की कातरताना आतली जखम दिसते. बारीक केस ठेवा, रोज दहा मिनिटं विंचरा, तर शिट्झू या घरात छान राहील. ती दहा मिनिटं रोज कोण देणार, ते आधी ठरवा.

आणि स्पिट्झ घेतलात तर उन्हाळा आला म्हणून त्याचं मुंडण करायला माझ्याकडे आणू नका. आतला दाट थर त्याचं उन्हापासूनही रक्षण करतो.

लांबोडका
डॅशहंडबद्दल कुणीच बोलत नाही? माझ्याकडे आहे. धीट, प्रेमळ, केस पुसायला सोपे, नाक लांब, उन्हाचा त्रास कमी. सात किलोच्या देहात मोठ्या कुत्र्याचा रुबाब.

जुनावाडा
लांबोडका, तुमच्याकडे लिफ्ट आहे का? प्रश्न तिसऱ्या मजल्याचा आहे. आमचा डॅशहंड सहा वर्षांचा असताना एका सकाळी मागचे पाय ओढत आला. मणक्यातली चकती सरकली होती. या जातीचे पाय आखूड होतात त्याच कारणाने मणक्यातल्या चकत्याही लवकर कडक होतात आणि सरकतात. आमच्याकडे एकच मजला होता, पण पलंगावरून उड्या चालायच्या. चार महिने पिंजऱ्यात विश्रांती, औषधं, लघवीसाठी पोट दाबून मदत. बरा झाला, पण ते चार महिने घरात कुणी नीट जेवलं नाही. रोज चार वेळा तीन मजले चढ-उतार असलेल्या घरात डॅशहंड मी कुणालाही घेऊ देणार नाही.

लांबोडका
उचलून नेता येतं की.

जुनावाडा
72 वर्षांच्या आजी दुपारी उचलून नेणार?

रस्त्यावरची
सगळे विकत घ्यायच्याच गोष्टी करताय. रेस्क्यूसारख्या संस्था पुण्यात आहेत, घर शोधणारी देशी पिल्लं आहेत. देशी कुत्र्याला ना आखूड नाक, ना लांब पाठ. या हवेतच तो घडलाय. एखादी मोठी झालेली, नसबंदी आणि लसीकरण केलेली शांत मादी घ्या. पिल्लूच कशाला हवं? मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो, शी-शूची सवयही लवकर लागते.

पाऊसवेडी
रस्त्यावरची, मनापासून पटतंय. मीच पहिल्यांदा हे सुचवलं होतं. पण देशी मादीही पंधरा किलोच्या पुढे जाते, आणि दुपारी ती जिन्यात मांजरीमागे धावली तर पट्ट्याचं टोक सासूबाईंच्या हातात असेल. या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. या एका कारणासाठी लहान कुत्रा.

टेकडीकर, तुमचा पग 12 वर्षं सुखात आहे याचा मला आनंदच आहे. पण सहाला आणि साडेआठला, कूलर, वजन, हार्नेस, हे सगळं तुम्ही बिनचूक करता म्हणून. नोकरी करणाऱ्या घरात एक दिवस उशीर होतो. माझ्याकडून एकच दिवस चूक झाली होती. ज्या कुत्र्याला एवढी चूकही झेपत नाही, तो नवख्या घरात देऊ नये.

भुंकण्याचा मुद्दा मात्र मान्य. पण इथे कुत्रा एकटा नसेल, आजी घरात आहेत.

टेकडीकर
आजी घरात आहेत, पण सप्टेंबरमध्ये ढोल पथकंही आहेत. नदीपात्रातला सराव कर्वेनगरपर्यंत ऐकू येतो. स्पिट्झचे कान तिखट. माझा पग विसर्जनाच्या रात्री झोपलेला असतो.

कात्रीवाली
ढोलाची सवय पिल्लूपणी लावता येते. फोनवर हळू आवाजात ढोल, समोर खाऊ, रोज थोडा आवाज वाढवायचा. तीन-चार महिन्यांच्या आत सुरू केलं तर फरक पडतो. फटाक्यांचंही तेच.

पाऊसवेडी
काल नणंदेला हा सगळा धागा वाचून दाखवला. डॅशहंड लगेच बाद झाला, तीन जिने ऐकल्यावर नवराच नको म्हणाला. पगचा फोटो मुलीने कपाटावरून स्वतः काढला. शिट्झू आणि स्पिट्झ यांच्यात अजून अडलंय, कारण सासूबाई म्हणाल्या, "विंचरायचं काम मला द्या, हातांना काहीतरी हवंच आहे." मला हे अपेक्षित नव्हतं. तरी माझं मत स्पिट्झच. रविवारी एकीकडे पिल्लं बघायला जाणार आहेत, 40 दिवसांची आहेत म्हणे.

टेकडीकर
40 दिवसांचं पिल्लू आणू नका, मग जात कुठलीही असो. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017 च्या सरकारी नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आईपासून लवकर तोडलं की चावणं, भुंकणं, एकटं राहण्याची भीती, सगळंच वाढतं. विकणाऱ्याची नोंदणी विचारा. आणि पिल्लांची आई बघायला मागा. ती दाखवत नसतील तर पैसे न देता परत या.

पाऊसवेडी
यावर आपलं एकमत. रविवारचं जाणं आत्ताच फोन करून रद्द करायला सांगते.