पोटॅमोजेटॉन नटान्स की नोडोसस?
एका फोटोतली पाणवनस्पती केवळ तिच्या लंबगोल तरंगत्या पानावरून पोटॅमोजेटॉन नटान्स ठरवली आहे, ते मला घाईचे वाटते. पोटॅमोजेटॉन याच वंशातल्या नोडोसस या दुसऱ्या जातीची तरंगती पानेही जवळजवळ तशीच दिसतात. बुडालेली पाने पाहिल्यास फरक उघड होतो, कारण नटान्समध्ये ती पात्याविना, नुसत्या अरुंद देठासारखी असतात, तर नोडोससमध्ये लांब देठावर पातळ, अर्धपारदर्शक, भाल्याच्या आकाराचे पाते असते. फुलोरा येईपर्यंत नटान्सची ही पाने पुष्कळदा कुजून जातात (नेमकी आपण फोटो काढतो तेव्हा!), अशा वेळी तरंगत्या पानाचा देठ पात्याला मिळतो तिथे पाहावे. नटान्समध्ये तेथे फिकट, लवचीक सांधा असतो, नोडोससमध्ये तो नसतो. महाराष्ट्रातील नद्यांत मात्र नोडोससचीच शक्यता आधी तपासावी.