आगोटीची सामाईक खरेदी आणि दिल्लीचं राजकारण : अनुभव

मृगाआधीची आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, सगळ्या वाडीने मिळून भरायची, तर व्यवहार कसा बसवावा? दिल्लीतले निर्णय त्यात कुठवर पोचतात? जाणत्यांनी नेमकं लिहावं.

गुहागर
सहकारी संस्थेच्या नोंदणीची घाई नको. पहिल्या वर्षी वीसेक घरं पुरेत. शिमग्याआधी यादी, यादीबरोबर निम्मे पैसे. उरलेले माल उचलताना, रोख. उधारी एका घराला दिली की सगळ्यांना द्यावी लागते आणि पुढच्या खरेदीचं भांडवल तिथेच अडकतं. तूरडाळ नवी आवक असताना घ्या. कांदा उन्हाळीच, खरिपाचा टिकत नाही. गोणी फोडून वाटताना शंभर किलोमागे किलोभर घट आधीच धरा. नाहीतर शेवटच्या घराला कमी येतं आणि संशय तिथून सुरू होतो. वजनकाटा सगळ्यांसमोर, रिकामं बारदान आधी तोलून.

राजापूर
जांभ्याची भिंत पावसात पाणी ओढते. गोण्या भिंतीपासून हातभर आणि जमिनीपासून वीतभर वर, फळ्यांवर ठेवा. उकड्या तांदळात ओल 14 टक्क्यांच्या आत हवी. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला तर ठीक, चेपला तर पुन्हा उन्हात. सुकट आणि खारे बांगडे त्याच खोलीत नकोतच. वासाचं सोडा, मीठ हवेतली ओल खेचतं.

अलिबाग
दिल्लीचा हात थेट लागतो तो जीएसटीत. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ-डाळींवर 5 टक्के कर आहे, सुट्ट्यावर नाही. म्हणून 30 किंवा 50 किलोची गोणी आणून वाटा. माझ्या मते हा कर चुकीचा आहे. ज्याला एकदम गोणी परवडत नाही, तोच तो भरतो.

मालवण
सहकार हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतला विषय. जुलै 2021 मध्ये केंद्राने वेगळं सहकार मंत्रालय काढलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्थांबाबतच्या 97व्या घटनादुरुस्तीतला राज्यांतल्या संस्थांना लागू होणारा भाग रद्दबातल ठरवला. मंत्रालयाला माझा विरोध नाही, पण गावच्या संस्थेचं काम तालुक्याच्या सहायक निबंधकाकडेच होतं. संस्था नोंदवायला 1960 च्या राज्य सहकार कायद्याप्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 जण लागतात. लेखापरीक्षण दरवर्षी, पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, मागून जुळवता येत नाहीत.

राजकारणाच्या गजाली खुशाल करा, त्या थांबत नाहीत. देणगी मात्र कुठल्याच पक्षाची नको. निवडणुकीआधी फुकट गोणी आली की पुढच्या खेपेला आगाऊ पैसे भरायला कोणी तयार होत नाही, आणि दुसऱ्या पक्षाची घरं यादीतून गळतात.

वेंगुर्ला
वरच्यांशी सहमत. एक भर : वही आणि पैसे एकाच माणसाकडे नकोत. वही एका घरात, पेटी दुसऱ्या, आणि दर महिन्याला दोन्ही तिसऱ्याने जुळवायचं. भावकीतले तिघे नकोत.